पाण्याला विरजण



स्वयंपाकघर, गच्ची, बाल्कनी असं फिरत फिरत आपलं सदर या महिन्यात दिवाणखान्यातल्या फिश टँकपाशी आलं आहे. आपल्या बडोद्यात मराठी घरांमधून फिश टँक बराच दिसतो आणि त्याची गोष्टही बहुतेक घरांत सारखीच असते. मुलाच्या वाढदिवसाला संध्याकाळी दुकानात जायचं. काचेची टाकी, रंगीत खडी, पंप आणि पिशवीत आठ मासे, सगळं एकाच फेरीत घरी. चौथ्या दिवशी एक मासा जातो, सहाव्या दिवशी दोन, आणि दहाव्या दिवशी टाकीत एकटा मासा कोपऱ्यात धापा टाकत असतो.

मग घरात कारणं निघतात. कुणी म्हणतं, पाणी मानवलं नाही. कुणी म्हणतं, दुकानदाराने आजारी मासे दिले. आणि आजी म्हणते, ‘घरावरचं संकट माशाने आपल्या अंगावर घेतलं गं.’ तिसरं कारण सर्वांत मायेचं, कारण त्याने रडणारं पोर शांत होतं. आजीशी मला मुळीच वाद घालायचा नाही. पण त्यामुळे पुढच्या रविवारी त्याच टाकीत नवे आठ मासे येतात आणि त्यांचंही तेच होतं. म्हणून हे संकट असतं कुठे, ते एकदा पाहू या.

ते असतं पाण्यात, आणि डोळ्यांना दिसत नाही. मासा खातो आणि त्याच्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. पन्नास लिटरच्या टाकीत जाणार कुठे? पाणी काचेसारखं नितळ दिसत असतं आणि माशाचे कल्ले मात्र भाजत असतात. पाण्याचा पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्क्याहूनही कमी भाग जहाल रूपात असतो. पीएच ८ झाला की हाच भाग साधारण दहापट होतो. म्हणून तेवढेच मासे एका घरात तग धरतात आणि दुसऱ्या घरात मरतात.

निसर्गाने याची सोय केलेली आहे. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की काही जिवाणू अमोनियावरच जगतात. त्यांच्यातला एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्त तपकिरी होतं आणि प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मग पंप चालू असूनही मासा वर येऊन धापा टाकतो. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते बरंच सौम्य असतं. या चक्राला नायट्रोजन चक्र म्हणतात. विषय जुना असला तरी अभ्यास अजून संपलेला नाही. दोन्ही कामं एकट्याने करणारे जिवाणू तर शास्त्रज्ञांनी थेट २०१५ मध्ये जगासमोर आणले.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, खडी, काच यांना चिकटून राहतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. म्हणजे टाकी म्हणजे दूध आणि जिवाणू म्हणजे विरजण. फरक इतकाच, की दही रात्रीत लागतं आणि हे विरजण लागायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस टाकी बिनमाशांची चालवायची.

आता कृती. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत खडी घालून, वर थोडी जागा सोडून, साधारण ५० लिटर पाणी राहतं. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं आणि ते आपले जिवाणू मारतं. म्हणून पाणी बादल्यांत २४ तास उघडं ठेवा किंवा दुकानात मिळणारे क्लोरिनविरोधी थेंब घाला. फिल्टर रात्रंदिवस चालू राहू द्या, कारण या जिवाणूंना प्राणवायू लागतो. तापमान २६ ते २८ अंश ठेवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगला गारठा असतो, तेव्हा हीटर हवाच.

मासे नाहीत, तर जिवाणूंना खाऊ घालायचा कोणी? आपण. सोपा मार्ग म्हणजे रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून ते कुजू देणं. जास्त नेमका मार्ग म्हणजे अमोनियम क्लोराइड, आपला नवसागर. कल्हईवाला भांड्यांना कल्हई करताना वापरायचा तोच. मात्र बाजारातला खडा घेऊ नका, त्यात भेसळ असू शकते. प्रयोगशाळेसाठी मिळणारा शुद्ध घ्या आणि मोजायचं काम मोठ्यांनी करा. ३ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं १० मिलिलिटर ५० लिटरच्या टाकीत घातलं की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. एवढा पुरे.

बरोबर एक टेस्ट किट हवं. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट ही तिन्ही मोजणारं. थोडा खर्च होतो, पण त्याच्याशिवाय हे सगळं अंधारात चालतं. आमच्या सोसायटीतल्या सहावीतल्या एका मुलीला मी हे करायला लावलं. तिने वहीत तीन रंगांच्या रेघा काढल्या. पहिले नऊ दिवस अमोनियाची रेघ हललीच नाही. ‘काकू, हे बिघडलंय,’ म्हणून ती दोनदा माझ्याकडे आली. दहाव्या दिवसापासून अमोनिया उतरू लागला, नायट्राइट चढलं आणि दोन आठवडे वरच बसलं. मग एका सकाळी नायट्राइट शून्य! तो आनंद मासा आणल्याच्या आनंदाहून कमी नव्हता. अमोनिया संपला की ती पुन्हा १० मिलिलिटर घालायची, म्हणजे जिवाणू उपाशी राहत नाहीत.

मध्येच पाणी दुधाळ होईल. घाबरून सगळं पाणी बदलू नका, ते आपोआप निवळतं. स्पंज नळाखाली धुऊ नका. फारच तुंबला तर टाकीतल्याच पाण्यात बादलीत हलकेच पिळा. पीएच ६.५ च्या खाली गेला तर काम मंदावतं, कारण या प्रक्रियेत आम्ल तयार होतं. तेव्हा थोडं पाणी बदला.

घाई असेल तर विरजण मागून आणा. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी माशांची टाकी असेल तर तिच्या स्पंजाचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. काम बऱ्याच लवकर होतं.

टाकी तयार झाली हे कसं ओळखायचं? नेहमीचा डोस घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की झाली. मग नायट्रेट कमी करायला निम्म्याहून जास्त पाणी बदला आणि तीन-चारच मासे आणा. मूळचा आपल्याच उपखंडातला झेब्रा डॅनिओ सुरुवातीला उत्तम. दोन आठवड्यांनी आणखी थोडे. पुढे दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं. मनीप्लांटची नुसती मुळं पाण्यात सोडली तर तीही नायट्रेट शोषून घेतात.

आणि ज्यांच्याकडे मासे आधीच येऊन पडलेत त्यांनी काय करायचं? रोज किट वापरा, पाव ते तिसरा हिस्सा क्लोरिनविरहित पाणी रोज बदला, खाणं एक दिवसाआड अगदी थोडं द्या. महिनाभर हा नेम पाळला तर बरेच मासे वाचतात. पण कंटाळून ते सुरसागरात किंवा विश्वामित्रीत सोडू नका. तिथल्या पाण्यात परके मासे नकोत. दुकानात परत द्या.

मुलांना एवढंच सांगा, की टाकी रिकामी नाही, तिच्यात राहणारे अजून दिसत नाहीत. वही आणि पेन हातात द्या. महिनाभर थांबायला मुलं तयार असतात, असा माझा अनुभव आहे. बहुतेक वेळा घाई मोठ्यांनाच असते.

तुमच्या वहीतल्या रेघांचे फोटो जरूर पाठवा. भेटू पुढच्या महिन्यात.