कन्हेरी ते जिद्दा: विमानाचे पाच तास आणि रस्त्याचे सहा

हजचा हंगाम जवळ आला की घराघरांत एकच प्रश्न असतो: "विमान किती वेळात पोहोचतं?" उत्तर सोपं आहे. मुंबई ते जिद्दा हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. थेट विमान अरबी समुद्र ओलांडून ओमानमार्गे पाच-साडेपाच तासांत उतरतं. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. त्यामुळे सकाळी १० ला निघालेला हाजी तिथल्या दुपारी साडेबाराच्या आसपास पोहोचतो.

पण बारामती तालुक्यातल्या कन्हेरीच्या माणसाचा हिशेब वेगळा आहे. गावातून मुंबई विमानतळ सुमारे अडीचशे किलोमीटर. पुण्याची कोंडी आणि घाट धरला तर साडेपाच-सहा तास सहज जातात. म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरला जेवढा वेळ, तेवढाच किंवा जास्त या अडीचशेला! बारामतीला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. शिवाय कागदपत्रांसाठी एक-दोन दिवस आधी मुंबईच्या हज हाऊसला हजर व्हावं लागतं. सत्तरीच्या आजीसाठी खरी दमछाक इथेच होते, विमानात नाही.

आता भाड्याचं बघा. अंतर जास्त तर भाडं जास्त, असं आपण समजतो. २०२३ मध्ये औरंगाबादहून जाणाऱ्या हाजींना मुंबईपेक्षा सुमारे ८८ हजार रुपये जास्त मोजावे लागले. हवाई अंतर मात्र जेमतेम पावणेतीनशे किलोमीटरनं वाढतं, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. मग फरक कशाचा? हजच्या विमानांचं भाडं निविदेतून ठरतं. किती हाजी, केवढं विमान, किती कंपन्या बोली लावतात, यावर आकडा हलतो. विमान हाजींना सोडून रिकामं परततं, त्याचा खर्चही तिकिटातच येतो. २०१८ पासून हजची सबसिडी बंद आहे, त्यामुळे हा सगळा भार कुटुंबावर. १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजं जायची. वेळ जास्त लागायचा, पण गरिबाला तो पर्याय तरी होता.

म्हणून अर्ज भरताना फक्त तिकिटाचा आकडा बघू नका. गावापासूनचं गाडीभाडं, मुंबईतला मुक्काम, सोडायला येणाऱ्यांचा खर्च, हे सगळं एका कागदावर मांडा. आपलं विमान आधी जिद्द्याला की मदिन्याला, तेही विचारून घ्या. थेट जिद्दा असेल तर मीकात हवेतच ओलांडली जाते, म्हणून इहराम मुंबईतच बांधलेला बरा. आधी मदिना असेल तर तिथून मक्केला निघताना जुल-हुलैफाला बांधता येतो.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुटू लागली आहेत. पुण्याकडून येणाऱ्याला ते जवळ पडतं, मुंबई शहराची गर्दीही टळते. पुणे, सातारा, सोलापूरच्या हाजींची सोय तिथून व्हावी, कागदपत्रांचं काम पुण्यातच उरकावं, हे आपल्या आमदार-खासदारांच्या कानावर घाला. आकाशातलं अंतर कुणाला कमी करता येणार नाही. जमिनीवरचं करता येतं.