टोमॅटोचं खत कांद्याला किती उरतं? फेरपालट होते, गोण्यांचा हिशेब तोच

जुन्नर, आंबेगाव, खेड तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात टोमॅटोचे प्लॉट मोकळे झाले की त्याच रानात उन्हाळ कांदा नाहीतर फ्लॉवर येतो. काहीजण मल्चिंग, ठिबक, बांबू तसेच ठेवून काकडी-दोडका धरतात. पीक बदलतं, पण खताचा हिशेब बदलत नाही. टोमॅटोला जेवढ्या गोण्या पडल्या, साधारण तेवढ्याच कांद्यालाही पडतात. याचा फटका थेट वखारीत बसतो.

कांद्याला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी आहे. एकरी धरलं तर ४०:२०:२०. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. म्हणजे एकाच गोणीत स्फुरद भागून वर उरतं. राहिलेल्या ३१ किलो नत्राला युरियाच्या ४५ किलोच्या दीड गोण्या पुरतात. शिवारात मात्र लागवडीलाच दोन-तीन गोण्या डीएपी आणि नंतर दर पाण्याला थोडा-थोडा युरिया असा प्रकार सर्रास दिसतो.

त्यात टोमॅटोचं शिल्लक खत कोणी धरतच नाही. नत्र पाण्याबरोबर खाली वाहून जातं, त्याचा भरवसा नाही. स्फुरदाचं तसं नाही, ते जागचं हलत नाही. चुनखडीच्या काळ्या रानात ते बरंचसं अडकून पडतं, पण थोडं-थोडं पुढच्या पिकाला मिळत राहतं. दरवर्षी वरून डीएपी ओतत गेलं की जास्तीच्या स्फुरदामुळे पिकाला जस्त आणि लोह कमी पडतं. पानं पिवळी पडली की शेतकरी दुकानात जातो आणि फवारणीची आणखी एक बाटली घेऊन येतो.

युरियाचा मोह का सुटत नाही, हे भावात दिसतं. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशाच्या खतांना अन्नद्रव्यावर आधारित अनुदान लागू झालं, युरिया त्यातून बाहेर राहिला. त्याची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, डीएपीची १३५० ला, आणि पोटॅश तर आयातीवरच चालतं. स्वस्त आहे ते जास्त पडतं, महाग आहे ते टाळलं जातं. दोष एकट्या शेतकऱ्याला कसा द्यायचा? त्यात युरियासोबत नको असलेला माल गळ्यात मारण्याची तक्रार हंगामागणिक असतेच.

जास्तीचा युरिया कांद्याची पात हिरवीगार करतो, बघायला झकास. पण मान जाड राहते, जोडकांदा वाढतो आणि तो कांदा वखारीत टिकत नाही. म्हणून लागवडीनंतर ६० दिवसांच्या पुढे नत्र देऊ नये असं सांगतात. भाव येईपर्यंत माल धरून ठेवायचा हाच उन्हाळ कांद्याचा सगळा खेळ, आणि तोच इथे बिघडतो. गंधकाचंही तेच. सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्के गंधक असतं, डीएपीत ते नसतं. कांद्याचा तिखटपणा गंधकावर असतो, तरी डीएपी आल्यापासून सुपर फॉस्फेट अनेकांच्या यादीतून गेलं.

फ्लॉवरची गरज वेगळी. बोरॉन कमी पडलं की दांडा आतून पोकळ होतो, गड्डा तपकिरी पडतो. ते युरियाने भरून निघत नाही.

देण्याची पद्धतही तेवढीच महत्त्वाची. विम्लधर्मी जमिनीत वरून फेकलेला आणि लगेच पाणी न दिलेला युरिया वायू होऊन उडतो. ठिबकातून हप्त्याहप्त्याने दिलेलं खत मुळाशी पोहोचतं, कमी लागतं. शेणखत सगळ्यांनाच हवंय, पण गोठ्यात जनावरं कमी झाली, ट्रॉली महागली. त्याऐवजी कोंबडी खत येतं. ते न कुजवता टाकलं तर रोपांची मुळं जळतात. मोकळ्या रानात ताग किंवा ढैंचा गाडणं स्वस्तात होतं, पण त्यासाठी दीड-दोन महिने रान अडकतं, आणि उसनवारीवर चाललेल्या माणसाला तेवढी सवड नसते.

माती तपासणीची अडचणही वेळेचीच आहे. नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी घ्यायचा असतो. टोमॅटो उपटल्यापासून कांद्याच्या लागवडीपर्यंत कित्येकांकडे आठ-दहा दिवसच असतात. अहवाल हातात येतो तोवर पहिला डोस मातीत गेलेला असतो. शेवटचे तोडे चालू असतानाच ठिबकच्या ओळीपासून जरा बाजूला नमुना काढला, तर निदान कांद्याचा डीएपी ठरवायच्या आत कागद हाती येईल.