झोपेची राखण

पहाटे उठून जोर-बैठका काढणाऱ्या पैलवानाचे कौतुक सगळेच करतात. तोच पैलवान दुपारी जेवून तालमीत आडवा झाला, की परगावच्या पाहुण्याला तो ऐदी वाटतो. कोल्हापूरकराला वाटत नाही. गंगावेस घ्या की मोतीबाग, आपल्या तालमींनी मेहनत, खुराक आणि झोप एकाच शिस्तीत बसवली. सकाळची मेहनत, अंगाला मालिश, बदामाची थंडाई, जेवण, झोप आणि संध्याकाळी पुन्हा लाल माती. पोराने जोर चुकवले तर वस्ताद ओरडतो, तसा दुपारी गावात हिंडताना दिसला तरी ओरडतो. मोडलेले अंग झोपेत जुळून येते, हे कळायला त्याला पुस्तक लागत नाही.

या झोपेची किंमत कळते ती खाशाबा जाधवांच्या गोष्टीत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि पुढची चार वर्षे त्यांनी त्या एकाच ध्यासात घालवली. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. (माझी हयात बँकेत तारणाचे कागद तपासण्यात गेली, एवढे वजनदार गहाणखत माझ्या टेबलावर कधी आले नाही.)

तिथे खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या शोहाची इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाली आणि ती गेली. लगेच सोव्हिएत मल्ल राशिद ममदबेयोवशी लढायला पुकारा झाला. नियमाने दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायला एकही भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. पदरात पडलेले ब्राँझ हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याचा अभिमान आपण बाळगतो. तो अर्धा तास मात्र कुणाच्या भाषणात येत नाही. खाशाबांची मेहनत कमी नव्हती की लक्ष विचलित झाले नव्हते. त्यांच्या विश्रांतीसाठी भांडणारा वस्ताद तेवढा तिथे नव्हता.

आपल्या घरात तरी तो आहे का? पहाटे क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास, रात्री बारापर्यंत सराव परीक्षा. दहावी-बारावीचे पोर घरात असले की बाप विचारतो, "किती तास बसलास?" किती तास झोपलास, हे कोणी विचारत नाही. त्यातून उरलेली झोप पांघरुणातला मोबाइल खातो. दिवसा वाचलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते, असे मेंदूचे अभ्यासक सांगतात. म्हणजे झोप कापून वाढवलेला अभ्यास हा एका खिशातून काढून दुसऱ्या फाटक्या खिशात टाकण्याचा व्यवहार. मुलांना शिस्त नाही अशी तक्रार करणाऱ्या आईबापांनी आधी घरातला टीव्ही दहाला बंद करून दाखवावा. दुपारी अर्धा तास डोळा लागलेल्या पोराला "उठ, परीक्षा आहे" म्हणून हलवू नये. हे काम सोपे नाही. शेजारच्या घरातला दिवा जळत असताना आपला मालवायला छाती लागते.

खाशाबांनंतर मराठी मातीला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. २०२४ साली पॅरिसला ते मिळवले राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने, ५० मीटर रायफलमध्ये. या खेळात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरायचा असतो. नेम धरल्यावर हात जराही हलू लागला, तर जाणता नेमबाज चाप ओढत नाही. तो रायफल खाली घेतो, दोन श्वास सोडतो आणि मग पुन्हा खांद्याला लावतो. घड्याळ तेव्हाही चालूच असते.