भुतांचे येणे

मराठी भूत तसे सरळमार्गी असते. त्याला ठरलेला पत्ता असतो आणि तिथे राहण्याचे कारणही असते. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो. धनावर जीव अडकलेला समंध त्या धनाची राखण करतो. पाण्यात बुडालेला गिऱ्हा होऊन डोहात राहतो. प्रत्येकाचे काहीतरी राहून गेलेले असते. उभे आयुष्य बँकेत काढल्यामुळे असेल, पण ही मंडळी मला भीतिदायक कमी आणि धनको जास्त वाटतात. त्यांचे कोणाकडे तरी येणे आहे, ते मिळेपर्यंत ती हलत नाहीत.

गेल्या शनिवारी-रविवारी ही धनको मंडळी आमच्या घरी मुक्कामाला होती. सोलापूरचा उन्हाळा, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, नातवंडे सुटीला आलेली. अशा वेळी मी महेश कोठारे यांचे चार चित्रपट ओळीने पाहायचे ठरवले. 'धडाकेबाज' (१९९०), 'झपाटलेला' (१९९३), 'पछाडलेला' (२००४) आणि 'झपाटलेला २' (२०१३). कवटीचा मुखवटा घालून वावरणारा कवट्या महाकाळ, बाटलीतला गंगाराम, बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू आणि वाडा न सोडणारे इनामदार भुस्नळे. पडदे ओढले, पंखा वाढवला आणि शेंगांचा डबा मध्ये ठेवला.

इंग्रजीत या प्रकाराला 'गॉथिक' म्हणतात. होरेस वॉल्पोलने १७६४ साली ओट्रँटोच्या किल्ल्याची कादंबरी लिहिली, तिथून ही परंपरा सुरू झाली असे मानतात. पडके किल्ले, काळोखे जिने आणि वाडवडिलांच्या पापांची नातवंडांनी केलेली फेड, हा तिचा ऐवज. पुढे अमेरिकेत टिम बर्टनसारख्या दिग्दर्शकाने या काळोखात विनोद मिसळला. आपल्याकडे ते काम कोठाऱ्यांनी केले. त्यांनी ते विद्वत्तेचा आव न आणता केले, म्हणून त्याची दखल जरा कमीच घेतली गेली.

'झपाटलेला'ची मूळ कल्पना परदेशी आहे, हे उघड गुपित आहे. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटात मरणारा गुन्हेगार बाहुल्यात शिरतो. पण ते रोप इथे आणताना कोठाऱ्यांनी माती बदलली. तिथल्या वूडू मंत्राच्या जागी परकायाप्रवेश आला. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केल्याची कथा ऐकलेल्या आपल्या आजीला ती कल्पना समजावून सांगावी लागली नाही. शहरातल्या फ्लॅटच्या जागी गाव आले, आई आली, हवालदार आला. खलनायकाच्या साथीदाराचे नाव तर थेट आपल्या भुतावळीतून उचललेले. कुबड्या खवीस!

सगळ्यात मोठा बदल मात्र या वेळी माझ्या लक्षात आला. अमेरिकन चित्रपटात बाहुला ज्याच्या मागे लागतो तो सहा वर्षांचा मुलगा आहे. मराठीत तो लक्ष्या आहे, चांगला घोडमा, मिशीतला. हा फरक वरवरचा नाही. पडद्यावर मूल संकटात सापडले, की प्रेक्षकांतले मूल त्याच्या जागी स्वतःला बघते आणि हादरते. पण लक्ष्मीकांत बेर्डे डोळे फाडून, बोबडी वळवून घाबरू लागले, की मुलाला वाटते, हा एवढा मोठा माणूस माझ्यापेक्षा भित्रा आहे! मग त्याला हसू येते. भीती तीच, तो बाहुलाही तोच, पण आता मूल लक्ष्याला धीर द्यायच्या भूमिकेत गेलेले असते. आमच्या नऊ वर्षांच्या नातवाने पडद्याकडे बघत "अरे, मागे बघ, मागे!" म्हणून ओरडायला सुरुवात केली, तेव्हा त्याची स्वतःची भीती केव्हाच ओसरली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे ही भीती नियमाने चालते. तात्या विंचूला मारायची जागा ठरलेली आहे, दोन भुवयांच्या मधोमध. बाहुल्यातून सुटण्याचा त्याचा मार्गही ठरलेला आहे. नातवाने मध्येच विचारले, "आजोबा, तात्या विंचू कशाला घाबरतो?" मी म्हटले, "बाहुल्यातच अडकून पडायला." तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे त्यालाही घरी जायचंय." त्याच्या बोलण्यातल्या 'घरी' या शब्दावर मी अजून विचार करतो आहे.

या बाहुल्यामागे संगणकाची करामत नव्हती. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हातची ती कला. वडिलांकडून, यशवंत पाध्यांकडून, त्यांच्याकडे आलेली. आणि तात्या विंचू झाले होते दिलीप प्रभावळकर, ज्यांना महाराष्ट्राने दूरदर्शनवर चिमणराव म्हणून डोक्यावर घेतले होते. 'पछाडलेला'तले इनामदार तेच आणि २००६ साली मुन्नाभाईला दिसणारे गांधीजीही तेच. एकच नट गुंड, भूत आणि महात्मा होऊन दुसऱ्याच्या डोक्यात शिरतो. परकायाप्रवेश म्हणजे आणखी काय?

'पछाडलेला'तल्या इनामदारांच्या मुलाला फक्त लग्न हवे असते. लोक त्याच्या त्या हट्टाला आजही हसतात. पण तो हट्ट म्हणजे आपला जुना मुंजाच आहे. पिंपळावरून उतरून वाड्यात राहायला आलेला. हसता हसता त्याची कीव येते, ही त्या चित्रपटाची कमाई.

चारही चित्रपट निर्दोष आहेत असे नाही. गाणी कुठेही उगवतात. नायिकांना घाबरण्यापलीकडे फारसे काम नाही. शरीराच्या किंवा बुद्धीच्या व्यंगावर उभे केलेले विनोद आज मुलांसमोर ऐकताना अवघडायला होते. तिथे मी चित्रपट थांबवून दोन वाक्ये बोललो. 'झपाटलेला २' थ्रीडीसाठी रचलेला. घरच्या टीव्हीवर तो निम्मा उरतो, आणि २००४ साली गेलेल्या लक्ष्याची जागा रिकामीच राहते.

पण खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो आमच्या सुनेनेच काढला. "बाबा, मंत्र, आत्मे, हे दाखवून आपण मुलांच्या डोक्यात अंधश्रद्धाच भरतो ना?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'झपाटलेला २' आला त्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारहाण करणे, हा आज गुन्हा आहे. तो कायदा करावा लागला, कारण भीतीचा धंदा करणारे आजूबाजूला होते आणि आहेत.

नोकरीत असताना मी एका गावी वसुलीला जात असे. तिथे एक कुलूपबंद वाडा होता. आत भूत आहे, म्हणून संध्याकाळनंतर कोणी फिरकत नसे. चौकशी केल्यावर कळले, की भावांचा वाटणीचा दावा बरीच वर्षे कोर्टात पडून आहे आणि त्यातलाच एक भाऊ आत गुपचूप कडब्याच्या गंजी रचतो आहे. भूत त्यानेच सोडले होते. तेव्हापासून भुताची गोष्ट ऐकली की मी पहिले विचारतो, यात फायदा कोणाचा?

हा प्रश्न विचारायला शिकणे, हेच सुनेच्या आक्षेपाला माझे उत्तर. मांत्रिकाची भीती गंभीर असते. ती प्रश्न विचारू देत नाही, हसू तर मुळीच देत नाही, आणि माणसाला एकटे गाठते. कोठाऱ्यांची भीती चारचौघांत बसून हसायला लावते. ज्या मुलाने तात्या विंचूला हसून घेतले आहे, त्याच्यापुढे उद्या कोणी डोळे वटारून मंत्र पुटपुटू लागला, तर त्याला आधी तो बाहुला आठवेल, अशी मला आशा आहे.

सोलापुरात तेलुगू घरातला विणकर, कन्नड घरातला व्यापारी आणि मराठी घरातला कारकून एकाच पडद्याकडे तोंड करून बसत. मागच्या रांगेत कोणी किंचाळले की अख्खे थिएटर हसे. घाबरणारा एकटा नाही, हे त्याला त्याच क्षणी कळे. आता मुले घाबरतात ती कानांत इअरफोन घालून, पांघरुणाखाली, हातभर अंतरावरच्या पडद्याकडे बघत. त्यात काय आहे हे आपल्याला माहीत नसते आणि ती किंचाळली तरी शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. अशा भीतीला ना नाव असते, ना तिला मारायची ठरलेली जागा.

म्हणून आईबापांना एवढेच सांगणे आहे. मुलांना भुतांच्या गोष्टींपासून तोडू नका, तशा गोष्टी त्यांना कुठून ना कुठून मिळणारच आहेत. मात्र त्यांच्याशेजारी बसा. दिवे मालवा, हवे तर त्यांच्याआधी किंचाळा, आणि संपल्यावर बाहुला कसा हलत होता हेही सांगा. भुतांची येणी फिटोत न फिटोत, मुलांचे आपल्याकडे सोबतीचे येणे आहे, आणि ते मुदतीत चुकते करायला हवे.