तुमच्या सदरातल्या घराला खोल्या किती?



परवा माळा आवरताना या सदराची २०२० सालची वही हाती आली. दर जानेवारीत आम्ही वर्षभराचे विषय मांडून ठेवतो. त्या वहीतही मांडले होते. फेब्रुवारीत मुलांच्या परीक्षा, मार्चमध्ये पापड-कुरडया, एप्रिलमध्ये जयंतीचे गोडधोड, मे महिन्यात लग्नाचा खर्च कमी कसा करावा, डिसेंबरात दादरला येणाऱ्यांची शिदोरी. मार्चपासून पुढे सगळ्यावर काट मारलेली आहे.

११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची महामारी जाहीर केली, २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ पासून देश बंद. आमचा छापखाना बंद, टपाल रखडलेले. मग आम्ही मजकूर हाताने लिहून त्याचा फोटो मोबाईलवरून ओळखीच्या वाचकांना धाडू लागलो, ते पुढे धाडीत. जगावर एवढे संकट असता लोणच्या-पापडाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगायच्या, हा प्रश्न होताच. पण माणसे घरात कोंडली आहेत तर घराबद्दलच लिहिले पाहिजे, असे वाटले. लिहिले, आणि पहिल्याच लेखात चुकलो.

सक्तीची सुट्टी मिळालीच आहे तर कपाटे आवरा, नवे पदार्थ करून पाहा, वडीलधाऱ्यांना वेगळी खोली द्या, नळाखाली वीस सेकंद हात धुवा, असे त्या लेखात होते. तिसऱ्या दिवशी मुंबईतल्या एका वस्तीतून एका भगिनीचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, हसतच होत्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्या सदरातल्या घराला खोल्या किती हो? आमची दहा बाय बाराची एकच. सासू, आम्ही दोघं, तीन लेकरं. पाणी पहाटे तासभर. संडास वस्तीतला, रांग लावून. आता सांगा, सासूबाईंना कुठं ठेवू?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. आमचेही बालपण अशाच खोलीत गेले, पण ते सांगण्यात काय अर्थ होता? पुढे नोकरी लागली, ब्लॉक झाला, आणि लिहिताना डोळ्यांपुढे तो ब्लॉकच होता.

पुढचा लेख त्या बाईंना विचारून लिहिला. या विषाणूवर स्निग्ध आवरण असते, ते साबणाने फुटते. म्हणून साबण कोणताही चालतो, कपड्यांचा सुद्धा, आणि नळ वाहता लागत नाही. तांब्यातल्या थोड्या पाण्याने हात ओले करावे, बोटांच्या बेचक्यात, नखांशी वीस सेकंद साबण चोळावा, उरलेल्या पाण्याने धुवावे. एका आजींनी नातवंडांना त्रिसरण म्हणत हात चोळायला शिकवल्याचे कळवले. सासूबाईंची पथारी दारालगत वाऱ्याला, आणि कामाला बाहेर जाणाऱ्याची त्यांच्यापासून सर्वांत लांब. एका खोलीत यापेक्षा अधिक काही करता येत नव्हते, हेही तसेच लिहिले.

काढे, कापूर, लसूण यांचे उपाय छापा म्हणून पुष्कळांनी गळ घातली. एकही छापला नाही. त्यावरून काही वाचक आमच्यावर रुसले, ते अजून रुसलेलेच आहेत. असो.

खरे काम तांदळाने दिले. एप्रिल ते जून रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळाला. आता मराठवाड्यातल्या, सोलापूरकडच्या माणसाचे पोट ज्वारीच्या भाकरीवर भरते. नुसत्या भाताने कष्टाच्या माणसाला दोन तासांत पुन्हा भूक लागते. कोकणातल्या एका वहिनींनी उपाय सांगितला. तांदूळ धुवून फडक्यावर सावलीत वाळवावा व दळावा. पिठाइतकेच पाणी मीठ घालून उकळावे, त्यात पीठ घालून झाकण ठेवावे, वाफ आली की गरम असतानाच मळून भाकरी थापावी. या एका कृतीवर जितके फोन आले तितके आमच्या कोणत्याही लेखावर आले नव्हते. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत कार्डावर किलोभर हरभराही मिळे, तेव्हा मोड आणून उसळ कशी पुरवावी ते सांगितले. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली होती, ती आपल्या भागात कुठे मिळते हे वाचकच एकमेकांना कळवीत.

मे महिन्यात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले. दोन घरांनी एप्रिलचा पगार दिला, दोन घरांनी "येऊ नका" म्हटले आणि पैसेही दिले नाहीत. त्या दोनांतले एक घर आपल्याच समाजातले, आमचे सदर वाचणारे. आम्ही लिहिले की ज्यांचा पगार चालू आहे त्यांनी कामवालीचा तोडू नये. एका वाचकांनी खडसावले: आमचेही हप्ते आहेत, घरसंसाराच्या सदरात आमचा हिशेब कशाला? आम्ही दोन्ही पत्रे शेजारी शेजारी दिली. आपली आई कोणाच्या घरी भांडी घासत होती म्हणून आपण शिकलो, हे ज्यांना सांगावे लागते त्यांना आणखी काय सांगणार? त्या बाईंची कामे लगेच परत आली नाहीत. २१ ऑक्टोबरपासून लोकलमध्ये सर्व स्त्रियांना प्रवेश मिळाला, पण अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. त्यांचे पहिले घर सकाळी सातचे होते.

१४ एप्रिलला सर्वांनी घरीच दिवे लावले. ६ डिसेंबरला घरूनच अभिवादन करा असे सरकारने सांगितले. शिदोरीचा लेख त्या वर्षी लिहिला नाही.

वहीच्या शेवटी एक पोस्टकार्ड चिकटवलेले सापडले. अहमदनगर जिल्ह्यातल्या एक आजी आम्हाला दर दोन महिन्यांनी लिहीत. फेब्रुवारीतले कार्ड आम्ही बाजूला ठेवले, कारण कुरडयांची कृती तर सर्वांनाच येते असे वाटले. जुलैत त्या कोरोनाने गेल्या. आम्हाला सप्टेंबरात त्यांच्या सुनेकडून कळले. गहू तीन दिवस भिजवावे, पाणी रोज बदलावे, आणि चीक शिजवताना हात थांबवू नये, असे त्यांनी लिहिले आहे. प्रमाणासह संपूर्ण कृती पुढील अंकी देत आहोत.