निर्बंध कुणाच्या ताटावर?

उत्तर कोरियाच्या अणुबॉम्बवरचे उपाय मी वाचते, तेव्हा त्यात हल्ला असतो, निर्बंध असतात, वाटाघाटी असतात, बायका नसतात. हल्ल्याचं तर बोलूच नये. सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर सोल आहे.

निर्बंध २००६ पासून वाढतच गेले, तरी २०१७ पर्यंत सहा अणुचाचण्या झाल्याच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने तिथल्या कापडाची आणि तयार कपड्यांची निर्यात बंद केली. त्या कारखान्यांत शिवायला बसणाऱ्या बहुतेक बायकाच. नव्वदीच्या दुष्काळात बाजारात बसून घरं जगवली, तीही त्यांनीच. घरातला पैसा आटला की पहिलं ताट कुणाचं रिकामं होतं, हे वस्तीत काम करणाऱ्या मला कुणी सांगायला नको.

वाटाघाटींनी काय साधलं, असं विचारतात. १९९४ च्या करारामुळे योंगब्योनची अणुभट्टी आठ वर्षं बंद होती! पुढे करार मोडला, दोष दोन्हीकडचा. आता २०२३ मध्ये अण्वस्त्रं राज्यघटनेतच घातल्यावर ‘आधी सगळी टाका’ हा हट्ट मला पोकळ वाटतो. आधी उत्पादन थांबवायला लावावं, तपासनीस आत जाऊ द्यायला लावावं, आणि बदल्यात कापडावरची बंदी उठवावी. क्षेपणास्त्रांच्या सुट्या भागांवरची खुशाल राहू दे.