उमटत नाहीत ती बोटं

कोल्हापूर जिल्ह्यात नेसरीच्या आसपास, आणि वर आजरा-चंदगडकडे तर गावोगाव, काजूचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे बऱ्याच ठिकाणी पत्र्याची एक लांब शेड, वाफवलेल्या काजूबियांचे ढीग आणि त्यांच्याशी रांगेनं बसलेल्या बायका. बी पात्यात धरायची, दांडा दाबायचा, टरफल फुटलं की आतला गर अखंड काढायचा. टरफलात तेल असतं. ते लागलं की कातडी भाजते, काळी पडते आणि काही दिवसांनी तिचे पापुद्रे निघतात. बायका बोटांना राख लावतात, गोडेतेल लावतात. हातमोजे घातले तर गर बोटाला नीट जाणवत नाही आणि तुकडा पडतो, म्हणून मोजे थोड्याच वेळात बाजूला पडतात.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक आक्का पैसे काढायच्या रांगेत माझ्या पुढं होती. बोटाच्या ठशावरून ओळख पटवणाऱ्या यंत्रानं तिचा उजवा अंगठा नाकारला, मग डावा, मग एकेक करून सगळी बोटं. मशीनवरच्या पोरानं तिला नळावर हात धुऊन यायला सांगितलं. ती धुऊन आली, पदराला घासून बोट पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच. मागं वळून ती मला म्हणाली, “दादा, मी हितं हुबी हाय, आन ह्ये म्हनतंय मी न्हवंच.”

मला काही बोलता आलं नाही. ती तशीच घरी गेली आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडवून पुन्हा आली. आमच्या यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय त्या रांगेत ठरला.

ते यंत्र करणाऱ्यांच्या मनात तिच्याबद्दल वाईट काही नव्हतं, हे मी जाणतो. त्यांच्या डोळ्यांपुढं एक हात असावा, आणि तो स्वच्छ, मऊ, रेषा शाबूत असलेला असावा. काजू सोलणारीचा, ऊस तोडणाऱ्याचा, गवंड्याचा हात त्यांच्या टेबलावर कधी आलाच नसावा. डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटते, मोबाइलवर आलेल्या आकड्यावरून पटते. या वाटा आज माहीत आहेत. काजूच्या शेडमध्ये एक दिवस बसून आलेल्या माणसानं यातली एखादी वाट आधीच मोकळी ठेवली असती. त्या एका दिवसाची किंमत आता आक्कांच्या बुडालेल्या मजुरीतून वसूल होते आहे, आणि याचा मला राग येतो.

वापरणाऱ्याला न विचारता यंत्र येणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. पन्हाळ्याच्या बाजूला वारणानगर आहे. १९९८ साली तिथं केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून गावोगाव संगणक बसवण्याचा प्रकल्प हाती घेतला. देशभर त्याचा गाजावाजा झाला. कल्पना मोठी होती. शेतकऱ्यानं गावातल्या केंद्रावर यावं, बाजारभाव पाहावेत, शेतीचा सल्ला घ्यावा, जगाशी जोडून घ्यावं. प्रत्यक्षात त्या संगणकांवर जे टिकलं ते उसाचं काम: नोंद, तोडीची चिठ्ठी, खताचा हिशेब, वजन. वीज जायची, यंत्र बिघडायचं, दुरुस्तीला माणूस यायला वेळ लागायचा. बाकीची स्वप्नं मागं पडली, ऊस तेवढा राहिला.

ऊस का राहिला, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. तोड आली की आपला वर्षभराचा माल कुणाच्या तरी ट्रॉलीवर चढतो आणि नजरेआड जातो. काट्यावर काय भरला, हे कळेपर्यंत जिवाला स्वस्थता नसते. एकरी टनेज किती पडलं यावर सोसायटीचं कर्ज, पोराची फी, पुढची लागण सगळं अवलंबून असतं. शेतकऱ्याला त्या संगणकाकडून हवा होता तो एवढा एक आकडा, आणि तो लवकर हवा होता.

पुढं आठ-नऊ वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा यांनी या केंद्रांचा अभ्यास केला. लोक तिथं नेमकं काय करतात हे त्यांनी आधी पाहिलं. देवाणघेवाण चार आकड्यांची होती, आणि तेवढ्यासाठी मोठा संगणक, वीज, खोली एवढा सगळा पसारा सांभाळावा लागत होता. दरम्यान शेतकऱ्याच्या खिशात साधा मोबाइल आला होता. मग सात गावांत त्यांनी संगणकाचं सगळं काम एसएमएसवर आणून पाहिलं. आठ महिने प्रयोग चालला. तो संगणकापेक्षा स्वस्त पडला, सोयीचा ठरला, आणि शेतकऱ्यांना अधिक आवडला. याच तोयामांनी २०१५ साली एक पुस्तक लिहिलं. माणसांत आधीच जे आहे, इच्छा असो वा कुवत, तेच तंत्रज्ञान वाढवतं, अशी त्यांची मांडणी आहे. वारणेची गोष्ट जवळून पाहिली की ती पटते.

माझ्या मते त्या प्रयोगाचं खरं मोल एसएमएसमध्ये नाही. कुणीतरी केंद्राच्या बाकड्यावर बसून, येणारा माणूस काय विचारतो ते ऐकलं, यात ते आहे. दुःख एवढंच की हे ऐकणं संगणक बसवल्यावर इतक्या वर्षांनी झालं. बसवण्याआधी वारणाकाठच्या दहा शेतकऱ्यांना पारावर बसवून विचारलं असतं, तर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी काट्याचं नाव काढलं असतं.

आधी विचारणं अशक्य नसतं. नॉर्वेत क्रिस्टेन नायगार्ड नावाचे शास्त्रज्ञ होते. संगणकाच्या भाषा घडवणाऱ्यांत त्यांचं नाव फार वरचं. १९७०च्या सुमारास ते लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर बसले. कारखान्यात येऊ घातलेल्या संगणकाबद्दल कामगारांचं स्वतःचं म्हणणं तयार व्हावं, यासाठी त्यांनी आपली विद्या कामाला लावली. पुढं १९८१ ते १९८५ या काळात स्वीडनमध्ये ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प झाला. तो तर आम्हा छपाईवाल्यांच्याच घरातला. वर्तमानपत्रांची पानं संगणकावर लावायचे दिवस येत होते आणि खिळे जुळवणारे जुळारी धास्तावले होते. छपाई कामगारांच्या संघटना आणि संशोधक एकत्र आले. संशोधकांनी आधी कागदावर आकृत्या काढून यंत्र समजावायचा प्रयत्न केला. जुळाऱ्यांना त्यातून काही उमगेना. मग त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडली. एक खोकं म्हणजे छपाईयंत्र, कागदाचा ताव म्हणजे पडदा. त्या पुठ्ठ्यासमोर बसून जुळाऱ्यानं पान लावायला घेतलं आणि त्याचा हात बोलायला लागला: हे इथं नको, मथळा आधी दिसला पाहिजे, संपूर्ण पान एकदम डोळ्यांपुढं हवं. जन्मभर खिळे जुळवलेल्या हाताला जे ठाऊक होतं ते त्याच्या तोंडून कधीच आलं नसतं. यंत्र अजून झालंही नव्हतं, तरी त्याची चूक सापडत होती.

पुठ्ठा आपल्याकडेही मिळतो. यंदा आम्ही त्याच वाटेनं छोटंसं पाऊल टाकलं. अंक लावायला घेण्याआधी एकच मजकूर तीन आकाराच्या अक्षरांत छापून गावातल्या नेहमीच्या वाचकांच्या हातात दिला आणि नुसते बघत बसलो. आकाराबद्दल कुणी तक्रार केली नाही. पण साठीच्या पुढचे सगळे मधल्या आकाराचा कागद खिडकीशी घेऊन गेले, बारीक अक्षराचा कागद त्यांनी घडी करून ठेवला आणि मोठ्या अक्षराचा जागेवर बसून वाचला. इतकी वर्षं आम्ही पानं वाचवायला बारीक अक्षर वापरत होतो आणि अंक वाचला का म्हणून विचारत होतो. यंदा अक्षर मोठं आहे. त्यापायी दोन कथा कमी घ्याव्या लागल्या, त्या लेखकांची क्षमा मागतो.

आता अंकाला येणारं बरंचसं साहित्य मोबाइलवर लिहिलेलं असतं. ते शक्य झालं त्यात मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचा वाटा आहे. तिथले प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी आधी वर्णमालेच्या क्रमानं लावलेला ‘कीलेख’ हा कळफलक केला आणि २०१३ साली ‘स्वरचक्र’ हा मोबाइलचा कळफलक आणला. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. बाराखडी घोकलेल्या माणसाला इथं नवं काही शिकावं लागत नाही, पाटीवरचंच त्याला पुन्हा भेटतं. इंग्रजी टंकयंत्राच्या कळा पाठ करायला लावण्याऐवजी कुणीतरी मराठी माणसाच्या डोक्यात अक्षरं कशी बसली आहेत ते पाहिलं, म्हणून हे साधलं.

शेतावरचं उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्यानं करायची पिकाची नोंद शेतकऱ्यानं आपल्या फोनवरून, शेतात उभं राहून, फोटोसकट करायची. विचार चांगला आहे, माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे. आपलं पीक आपण सांगायचं, यात मान आहे. पण आमच्याकडं एका गटात चार भावांचे वाटे, नाचणीच्या कडेला भुईमूग, वर डोंगराच्या अंगाला काजू, आणि रेंज बांधावर एका ठिकाणी मिळते. अशा ठिकाणी बोट चुकणारच. चुकलेली नोंद स्वतः ४८ तासांत दुरुस्त करायची सोय आली ती पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत. आली हे उत्तम. तक्रारी ऐकल्या गेल्या, त्याबद्दल आभार मानले पाहिजेत. तरी वाटतं, पहिला मसुदा घेऊन कुणी आमच्या बांधावर आलं असतं, तर पहिल्याच शेतकऱ्यानं विचारलं असतं, “चुकलं तर खोडायचं कसं, सायेब?”

आपल्याकडं यंत्र आल्यावर शिबिर घेतात आणि माणसाला यंत्राजोगं व्हायला शिकवतात. शिबिर करणारे कष्ट घेतात, त्यांना बोल नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की तेच शिबिर यंत्र होण्याआधी घ्यावं, आणि त्यात शिकायला यंत्र करणाऱ्यांनी बसावं.

दिवाळीला पुण्या-मुंबईहून, बंगळूरहून आपली पोरं-पोरी गावी येतात. त्यातली कितीतरी संगणकाच्या कंपन्यांत आहेत, ॲप करतात, पडदे आखतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. फराळ झाला की दुपारी तासभर आजीजवळ, काकूजवळ, शेतमजुराजवळ बसा. तुम्ही केलेलं किंवा तुमच्या कंपनीचं काही त्यांच्या हातात द्या आणि एक छोटं काम सांगा. मग गप्प राहा. बोट अडखळलं तरी फोन हातातून घेऊ नका, “असं नाही गं” म्हणू नका. बोट कुठं थांबतं, कोणता शब्द पुन्हा वाचला जातो, कोणत्या क्षणी ती फोन खाली ठेवून “तूच कर बाबा” म्हणते, तेवढं टिपून घ्या. परत गेल्यावर ते कागद आपल्या वरिष्ठांच्या टेबलावर ठेवा, आणि एक प्रत आमच्याकडं पाठवा. पुढच्या वर्षीच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.